मंक ऐकायला शिकले त्याची हकिकत

गेली बावीस वर्षे मी संवादिनीवर साथ करते आहे. गायकाचा श्वास जिथे संपतो तिथे माझा सूर आधीच लागलेला असला पाहिजे आणि बैठक कुठेही उघडी पडता कामा नये, ही माझी तालीम आहे. आता ती बोटांची सवयच झाली आहे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, माझ्या भाच्याने मला थेलोनिअस मंक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचे ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ऐकवले तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतच मी अस्वस्थ झाले. पियानो अडखळत चालला होता, मध्येच थांबत होता, आणि थांबल्यावर ती जागा भरायला कोणी पुढे येत नव्हते. शिवाय एकमेकांना चिकटून असलेले दोन सूर तो एकदम वाजवत होता, आणि ते नवशिक्याच्या बोटाखाली चुकून एकदम दाबले जावेत तसे ऐकू येत होते.

“हा माणूस चुकतो आहे,” मी म्हणाले.

“मावशी, चुकत नाहीये तो,” भाचा म्हणाला. “तू साथीला बसल्यासारखी ऐकते आहेस. एकदा नुसती ऐक.”

नुसते ऐकणे मला त्या दिवशी जमले नाही आणि मी ते बंद करायला लावले. मात्र त्या रचनेतली एक गोष्ट मनात अडकून राहिली. पहिले आवर्तन संथ, जड पावलांनी चालणारे होते आणि त्याच्या पाठोपाठ तेच आवर्तन बरोबर दुप्पट लयीत आले होते. मग पुन्हा ठाय, पुन्हा दुगुन. हे तर माझ्या ओळखीचे होते. आठवड्याभराने मी ते एकटीने, मांडीवर हाताने मोजत ऐकले आणि पुन्हा फसले, कारण मोजणी दर वेळी थोडी अलीकडेच संपत होती. भाच्याला विचारल्यावर उलगडा झाला. जॅझमधल्या बहुतेक रचनांचे आवर्तन १२ किंवा ३२ बारचे, म्हणजे मात्रांच्या तेवढ्या घरांचे असते, त्यांतले तुकडे चार-आठ अशा समसंख्येने जोडलेले असतात आणि कान त्या हिशेबाला सरावलेला असतो. मंकने इथे आठ, सात आणि सात असे तुकडे जोडून २२ बारचे आवर्तन बांधले आहे. आपण आठव्या घराची वाट पाहत असतो आणि सम त्याआधीच येऊन गेलेली असते. ऑक्टोबर १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफर्ड आणि सनी रोलिन्स यांच्यासारखे कसलेले वादकही या हिशेबाने जेरीस आले होते. सुमारे २५ प्रयत्न झाले, त्यांतला एकही शेवटापर्यंत निर्दोष पार पडला नाही, आणि निर्माते ऑरिन कीपन्यूज यांना वेगवेगळ्या प्रयत्नांतल्या फिती जोडून ती रचना पूर्ण करावी लागली. हे कळल्यावर माझा राग पुष्कळ निवळला. जी वाट मॅक्स रोचला चटकन सापडली नाही, ती मला पहिल्या दोन मिनिटांत सापडावी अशी अपेक्षा मी का धरली होती, असे वाटले. (याच तबकडीवर सॅक्सोफोन वाजवणारे रोलिन्स १९६८ मध्ये काही महिने मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त मुंबईकरांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले होते. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, याची मला आता फार रुखरुख वाटते.)

त्यानंतर मी एक पद्धत ठरवली. एखादा राग समजून घ्यायचा तर एकच बंदिश निरनिराळ्या गायकांकडून ऐकावी, असे आमच्या गुरुजींनी शिकवले होते. मी मंकची एकच रचना धरली आणि ती खुद्द मंकच्याच निरनिराळ्या वर्षांतल्या वादनातून ऐकायची असे ठरवले. ती रचना म्हणजे ‘राउंड मिडनाइट’. तिची पट्टी आमच्या हिशेबाने काळी दोन आणि गंधार कोमल. मध्यरात्रीचा ठाव लागावा अशी ती चाल आहे. कूटी विल्यम्स या ट्रम्पेटवादकाने ती १९४४ मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. मंकला मात्र स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण करण्याची पहिली संधी ऑक्टोबर १९४७ मध्ये मिळाली, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि त्याच्या हातची ‘राउंड मिडनाइट’ त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्लू नोट या कंपनीसाठी मुद्रित झाली. तिच्यात तो अजून साथीदारांना सांभाळून घेताना ऐकू येतो. १९५४ मध्ये पॅरिसला त्याने ती एकट्याने वाजवली, आणि तिथे एकेका कॉर्डला, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या गुच्छाला, तो थांबून तिच्याकडे बघत असावा असे वाटते.

पण माझ्यासाठी दार उघडले ते एप्रिल १९५७ च्या मुद्रणाने, आणि तेही तबकडीवर आलेल्या पूर्ण वादनाने नव्हे, तर त्या वेळी सुरू ठेवलेल्या आणि पुढे कधीतरी प्रसिद्ध झालेल्या सुमारे बावीस मिनिटांच्या फितीने. या फितीत मंक एकटा बसून ‘राउंड मिडनाइट’ची जुळणी करतो आहे. एक कॉर्ड वाजवतो, थांबतो, तीच कॉर्ड मधला एक सूर बदलून पुन्हा वाजवतो, दोन ओळी पुढे जातो, समाधान न झाल्याने मागे येतो. स्वतःच दहा वर्षांपूर्वी मुद्रित केलेली, तोपर्यंत साऱ्या जॅझविश्वाच्या तोंडी बसलेली चीज तो अशी वाजवतो आहे, जणू ती आज सकाळीच सुचली आहे. गुरुजींच्या दाराबाहेर उभे राहून त्यांचा रियाज चोरून ऐकण्याचे दिवस मला आठवले. मी ती फीत त्या महिन्यात किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. इतके मात्र कळून चुकले की ज्याला मी चूक म्हणत होते, तो सूर या माणसाने दहा पर्याय वाजवून, नाकारून, मग पसंत केलेला असतो.

मग मी संवादिनी काढली. ‘ब्लू मंक’ ही त्याची बारा बारची रचना माझ्या वाद्यावर सहज येण्यासारखी आहे. काळी पाच षड्ज धरला, की तिची सुरुवात म्हणजे गंधार, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम, पंचम अशी लागून लागून चढणारी पायरी आहे. दोन्ही मध्यम ओळीने घेण्याचे आम्हाला नवल नाही. अडचण त्या चिकटलेल्या सुरांची होती. म्हणून एके दुपारी मी भाता भरून काळी एक आणि पांढरी दोन, म्हणजे या पट्टीतले कोमल गंधार आणि शुद्ध गंधार, एकदम दाबले. दोन सुरांच्या भांडणातून एक थरथर निघते, ती दातांत शिरते. मग फक्त काळी एक सोडली आणि पांढरी दोन तशीच धरून ठेवली. थरथर विरत गेली आणि गंधार असा उरला की जणू तो खालून घासत वर आला आहे. मी हे पाच-सहा वेळा करून पाहिले आणि अखेर हात भात्यावर तसाच ठेवून बसून राहिले. संवादिनीवर मींड येत नाही, दोन पट्ट्यांमधला सूर मिळत नाही, या आणि अशाच उणिवांपायी आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे हे वाद्य स्टुडिओबाहेर ठेवले होते, आणि ती बोच आम्हा सगळ्या वादकांच्या मनात कुठेतरी आहे. पियानोचीही तीच उणीव. मंकला दोन पट्ट्यांच्या मधला सूर हवा होता, तो तिथे नव्हता, म्हणून त्याने शेजारच्या दोन्ही पट्ट्या दाबून तो मधला सूर आपल्या कानात तयार केला. मी ज्याला नवशिक्याचे बोट समजले होते ते हे होते.

तरीही रिकाम्या जागा मला छळतच राहिल्या. त्यांतली सर्वांत अवघड जागा २४ डिसेंबर १९५४ च्या मुद्रणात आहे. त्या दिवशी माइल्स डेव्हिसच्या संचात मंक पियानोवर होता आणि जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराचे ‘द मॅन आय लव्ह’ वाजत होते. त्याच्या दुसऱ्या प्रयत्नात मंकची पाळी येते, तो मूळ चाल ताणून ताणून, अर्ध्या गतीने मांडू लागतो, आणि मध्येच गप्प होतो. बास आणि ड्रम्स चालू आहेत, पियानो नाही. साथीदाराच्या अंगावर काटा यावा असा हा क्षण आहे. थोड्या वेळाने माइल्स ट्रम्पेटवर मूळ चालीची आठवण करून देतो, आणि मंक जागा झाल्यासारखा चटकन आत शिरतो. तो विसरला होता का, रुसला होता का, की मुद्दाम थांबला होता, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तेव्हा फक्त एवढे ठाऊक होते की त्या शांततेत तो काय करत होता ते मला ऐकू येत नाही.

ते मला दिसले शार्लट झ्वेरिन यांच्या १९८८ च्या ‘स्ट्रेट, नो चेसर’ या माहितीपटात. मायकेल आणि ख्रिश्चन ब्लॅकवुड या बंधूंनी १९६७-६८ मध्ये मंकच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत सुमारे १४ तासांचे कृष्णधवल चित्रीकरण केले होते. स्टुडिओत, क्लबात, विमानतळावर, हॉटेलच्या खोलीत, युरोपच्या दौऱ्यावर. त्याचा बराचसा भाग पुढे वर्षानुवर्षे पडून होता. क्लिंट ईस्टवुड यांच्या पाठबळावर झ्वेरिन यांनी त्यातून हा चित्रपट उभा केला. तो पाहण्यापूर्वी मी मंकच्या वादनाची डझनभर मुद्रणे ऐकलेली होती आणि आता नवीन काय कळणार असे मला वाटत होते.

चार्ली राउज सॅक्सोफोन वाजवत असतो. मंक पियानोवरून उठतो आणि स्टेजवरच, जागच्या जागी, हळूहळू स्वतःभोवती फिरू लागतो. डोक्यावर टोपी, हात किंचित बाजूला, पाय घासत घासत टाकलेले. तो फिरतो तेव्हा चेहऱ्यावर कुठलाही अभिनय नसतो. वरवर पाहता तो लयीतून सुटलेला दिसतो, पण त्याच्या पायाकडे नीट पाहिले की लय तिथे धरलेली दिसते. कीर्तनात बुवा टाळांच्या ठेक्यावर एक गिरकी घेतात आणि नेमके धृपदावर येऊन उभे राहतात, तसा तो पियानोशी परत येतो आणि उभ्याउभ्याच एक कॉर्ड टाकतो, ती टाचणी टोचावी तशी जागेवर बसते. मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. पियानो बंद होता तेव्हा मंक थांबला नव्हता. तो संगीताच्या आतच होता, फक्त हातांनी वाजवायची गरज त्याला त्या वेळी भासत नव्हती. मुद्रणात मला मोकळी ऐकू येणारी जागा चित्रात पूर्ण भरलेली होती. त्याच रात्री मी १९५४ चे ते मुद्रण पुन्हा लावले. तो गप्प होतो तिथे या खेपेला मला त्याचे पाय दिसत राहिले, आणि ती जागा भरावी असे पहिल्यांदाच वाटले नाही.

त्या चित्रपटातले हातही विसरता येत नाहीत. पियानोच्या शिक्षकाने पहिल्या दिवशी मोडून काढावी अशी सपाट, सरळ बोटे. बोटात मोठी अंगठी. आणि पट्टीवर ती वरून घाव घालावा तशी पडतात. पण त्याच बोटांनी वाजवलेली ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ऐकावी. १९५७ मध्ये त्याची पत्नी नेली इस्पितळात असताना त्याने ती रचली, आणि तिच्यात तो विस्ताराला जागाच ठेवत नाही. जॅझमध्ये मूळ चाल हे निमित्त आणि उपज हा मुख्य भाग. इथे मात्र चालच शेवटपर्यंत, एकही सूर न हलवता. चित्रपटात नेली त्याची तयारी करून देताना, त्याला सांभाळून नेताना दिसते, आणि ती पाहिल्यावर या रचनेत काहीही का बदलत नाही हे निराळे सांगावे लागत नाही.

चित्रपट त्याच्या आजाराबद्दलही बोलतो. त्याचा मुलगा, जो स्वतः ड्रमवादक आहे, सांगतो की वडिलांच्या डोळ्यांत पाहिल्यावर आपण कोण आहोत हे त्यांना नीटसे कळत नाही असे जाणवणे किती हादरवणारे होते. १९७६ नंतर मंक जाहीरपणे वाजवायला बसला नाही. न्यू जर्सीत वीहॉकनला, पॅनोनिका द कोनिग्झवार्टर या त्याच्या आश्रयदात्या मैत्रिणीच्या घरी तो राहत होता. घरात पियानो होता, पण त्याला तो जवळजवळ हातच लावत नसे. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो गेला. चित्रपटात बॅरी हॅरिस आणि टॉमी फ्लॅनगन हे दोन पियानोवादक समोरासमोर बसून त्याची रचना वाजवतात. दोघेही थोर वादक होते, पण दोघांपैकी कोणीही त्याची नक्कल करत नाही, आणि तरीही चाल त्याचीच राहते. बंदिश टिकते ती अशीच.

दुसरा चित्रपट भाच्याने सुचवला आणि तो पाहून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आलँ गोमिस यांचा २०२२ चा ‘रिवाइंड अँड प्ले’. डिसेंबर १९६९ मध्ये पॅरिसला फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी मंकचा एक कार्यक्रम चित्रित झाला होता. त्याच्या न वापरलेल्या चित्रीकरणातून गोमिस यांनी साधारण तासाभराचा हा चित्रपट केला आहे. मुलाखत घेणारा स्वतः पियानोवादक आहे, मंकचा चाहता आहे, आणि तरीही तो मंकला एकही वाक्य पुरे बोलू देत नाही. पियानो स्वयंपाकघरात का ठेवला होता, असे तो विचारतो. घरातली तीच सर्वांत मोठी खोली होती, असे मंक सांगतो. मग तोच प्रश्न पुन्हा, निराळ्या उजेडात. १९५४ च्या पहिल्या पॅरिस दौऱ्याबद्दल विचारल्यावर मंक सांगतो की आकर्षण म्हणून नाव त्याचे होते, पण पैसे त्याला सर्वांत कमी मिळाले. हे बरे दिसणार नाही, असे ठरून ते उत्तर बाजूला काढले जाते आणि पुन्हा घेतले जाते. स्टुडिओच्या दिव्यांखाली मंकच्या चेहऱ्यावरून घाम ओघळतो आहे, कॅमेरा तो अगदी जवळून टिपतो आहे, आणि मंक गप्प आहे.

म्हणजे त्याच १९५४ च्या दौऱ्यात त्याने एकट्याने वाजवलेली ‘राउंड मिडनाइट’ मी महिनोन्महिने भक्तिभावाने ऐकत होते. ते वाजवताना त्याला काय सोसावे लागले होते हे मला पहिल्यांदाच कळत होते, आणि तेही त्या माणसांनी कापून टाकलेल्या चित्रीकरणातून. त्याच्या सगळ्या गप्प जागा एकसारख्या नाहीत हे मला इथे शिकावे लागले. स्टेजवरची एक जागा त्याने आपण होऊन मोकळी ठेवलेली होती. स्टुडिओतली ही शांतता त्याच्यावर लादलेली होती. १९५१ ते १९५७ या काळात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्याचा कॅबरे परवाना काढून घेतल्यामुळे शहरातल्या मद्य मिळणाऱ्या कुठल्याही क्लबात त्याला वाजवता येत नव्हते, तीही अशीच. मात्र त्या मुलाखतीच्या मध्ये मध्ये तो पियानोवर हात ठेवतो, आणि तेवढा वेळ त्याला अडवणारे कोणी नसते. प्रश्न विचारणारा माणूस शेजारी उभा राहून ऐकतो, आणि तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर खरे प्रेम असते. या चित्रपटातले मला सर्वांत अवघड गेलेले दृश्य तेच.

आता मी मंक जवळजवळ रोज ऐकते. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाबरोबरची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलची मैफल, जिची फीत २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडली, ती तर ऐकतेच; पण माझ्या सर्वांत जवळचे मुद्रण त्याहून साधे आहे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या शाळेत डॅनी शेर नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने २७ ऑक्टोबर १९६८ रोजी मंकची मैफल ठरवली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचे ते वर्ष. शेजारच्या ईस्ट पालो आल्टोत कृष्णवर्णीयांची वस्ती होती. डॅनीने तिथेही जाऊन पत्रके लावली, पण मंक खरोखर येईल यावर तिथल्या लोकांचा विश्वास बसेना, आणि पुष्कळ जण तो गाडीतून उतरताना दिसेपर्यंत तिकीट न घेता शाळेच्या आवारात उभे राहिले. शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याने विचारले की मी पियानो लावून देतो, त्या बदल्यात मला मैफल मुद्रित करू द्याल का. डॅनीने होकार दिला. ती फीत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

वाद्य लावण्याचे काम माझ्या घरचे आहे. माझे वडील मिरजेत सूर लावून देत असत, आणि संवादिनीतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या घासताना त्यांचे डोळे मिटलेले असत. त्यामुळे या मैफलीत मी सर्वांत आधी पियानो ऐकते. तो स्वच्छ लागलेला आहे. ‘ब्लू मंक’मध्ये मंक जेव्हा दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतो तेव्हा थरथर नेमकी उठते, आणि ती तशी उठते कारण खालचे दोन्ही सूर खरे आहेत. नंतर राउजचा सॅक्सोफोन पुढे येतो आणि पियानो हळूहळू विरळ होत जातो. तेव्हा मंक उठला होता की बसूनच होता, हे पाहायला तिथे कोणताही कॅमेरा नव्हता. मी पायांचा आवाज येतो का ते ऐकत बसते.